कस्तुरामावशीची तिरडी

मी चांदबी. रेणापूरच्या बाजारात बांगड्या भरते. तोंडाची फटकळ हाय म्हणून आमच्या गावातल्या सत्यमनं मला त्याच्या मोबाईलवरच्या मालिकेत भांडखोर शेजारणीचं काम दिलं. काम कसलं, रोज करते तेच! मालिकेची खरी जान होती ती त्यातली आजी. म्हंजे आमची कस्तुरामावशी.

मावशी अडुसष्ट वर्षांची. शाळेचं तोंड बघितलं न्हाई, पण कॅमेरा लागला की अशी बोलायची की सत्यमचं लिहिलेलं बाजूलाच पडायचं. मालिकेतल्या सुनंला शिव्या देता देता मधीच पदरानं तिचं तोंड पुसायची. हे कुणी शिकवलं न्हाई तिला. एकदा लातूरच्या दवाखान्यात गुडघा दाखवायला नेली, तर नर्सा हातातलं काम टाकून तिच्यासंगं फोटो काढायला आल्या. मावशी मला म्हणती, "चांदे, गुडघा कुणी बघंना गं, सगळे तोंडच बघायलेत." मला तिचा लई लळा, खोटं कशाला बोलू?

एकेका भागाला दहा-दहा लाख लोक बघायचे. सत्यम आधी दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून यायचा, आता चारचाकीत यायला लागला. आन् मावशीला काय? दिवाळीला एक लुगडं, आन् शूटिंगच्या आधी पाया पडणं. मी चिडायची, "पाया पडल्यानं पोट भरतं का?" तर म्हणायची, "माझ्या ताटात जेवलेलं लेकरू हाय ते. त्याच्याकडून मजुरी घेऊ व्हय?" आमच्याकडं रीतच तशी. ज्याला आपल्या हातानं वाढलं, त्याच्यापुढं हात पसरायचा न्हाई. रीत चांगली हाय, पण सत्यमला ती जरा जास्तच आवडली होती.

आमच्या मालिकेत सरपंचाचं काम करणारे शेषेराव जुने ढोलकीवाले. त्यांनी लातूरला मोबाईलवरच्या कलावंतांची संघटना काढली. मागणी साधी. दिवसाचा रोज ठरलेला पायजे, लेखी करार पायजे, आन् व्हिडिओ जवर कमावतो तवर त्यातला वाटा पायजे. मी मावशीला ओढतच एसटीत घातलं. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत ती बैठकीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली.

तिथं शिल्पा बोलायला उठली. मालिकेत मावशीच्या सुनेचं काम करती ती पोरगी. घरी दोन लेकरं, सोयाबीनच्या काढणीचा रोज बुडवून शूटिंगला यायची. म्हणाली, "मी सत्यमदादाला पैसे मागितले. ते म्हणले, कस्तुराआज्जी येवढी मोठी कलाकार, ती फुकट करती. तू कोण लागून गेलीस?"

मावशीचा हात थांबला. सोललेले दाणे पदरात बांधून ती परतीच्या एसटीत बसली. रेणापूरला उतरली, स्टँडवरच्या बाकड्यावर बसली आन् म्हणाली, "मी मान समजून लुगडं घेत होते गं. त्यानं मला पुढं करून लेकीबाळींची मजुरी मारली." आन् ढसाढसा रडली. मी तिची पाठ चोळत बसले, दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी तिनं सत्यमला तोंडावर सांगितलं, "सगळ्यांचा कराराचा कागद कर. तवाच पुढचं."

सत्यम हसला. "बघू की आज्जी."

आठ दिवसांनी नवा भाग लिहून आला. आजी मरती! कागद मागितला म्हणून सरळ तिला मालिकेतून काढायला निघाला होता पठ्ठ्या.

"मुडदा बशिवला त्याचा!" मी म्हणाले. "जाऊ नकोस तू."

"जाते की," मावशी म्हणाली. "मरायचं काम दिलंय, तर नीट मरते."

शूटिंगला गल्लीत तिरडी बांधली. मावशी तिच्यावर निजली, नाकात कापूस, अंगावर पांढरं कापड. मला रडायचं काम होतं. तोबा, मी तर कॅमेरा चालू व्हायच्या आधीच रडायला लागले! सत्यम ओरडला, "उचला!" खांदा देणारे चौघं आमच्या मालिकेतलेच, शेषेराव, बसलिंगप्पा आन् आणखी दोघं. चौघं हाताची घडी घालून उभे. त्यांचं आदल्या दिवशीच ठरलं होतं, मला पत्ता न्हाई.

सत्यमनं हाटेलातल्या रिकाम्या लोकांना हाका मारल्या. ते कप टाकून मागं सरकले. "जित्या माणसाच्या तिरडीला हात लावावा? आमाला लेकरंबाळं हायेत बाबा!" शेवटी सत्यमनं स्वतःच एक टोक धरलं. तिरडी कधी एकट्यानं उचलती का? घामाघूम झाला.

तवा मावशी बोलली. डोळे मिटलेलेच, नाकात कापूस म्हणून आवाज गेंगाणा. "लेकरा, मेलेल्या माणसाला खांदा द्यायचे पैसे कुणी घेत न्हाई. पण मी जिती हाय रे. हे बी जितेच हायेत."

कुणी हसलं न्हाई. सत्यम टोक सोडून तिथंच मातीत बसला, डोकं खाली. शेषेरावांनी खिशातून कराराचा कागद काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचला, पेन मागितलं, आन् नाक पुसत म्हणाला, "आज्जी, पहिलं नाव तुझं लिहितो."

मावशी कापूस काढून ताडकन उठून बसली.

"माझं शेवटी लिही. पहिलं शिल्पाचं लिही. तिची काढणी बुडली."