पेंढारकर मास्तरांची चार बोटं

मॉन्ट्रियलच्या एका फ्रेंच शाळेत गणित शिकवणारे जनार्दन पेंढारकर मूळचे नागपूरचे इंजिनिअर. समीकरण सोडवताना त्यांची फ्रेंच अशी सुसाट सुटायची की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण 'खिडकी लाव रे' म्हणायची वेळ आली की गृहस्थ उठून स्वतःच खिडकी लावायचे. पुस्तकातून शिकलेल्या भाषेत ते बारा वर्षांच्या पोरांना 'महोदय' म्हणत. पोरं पोट धरधरून हसत.

यंदा त्यांची नोकरी कायम व्हायची होती. मुख्याध्यापिका मादाम गान्यों वर्गात येऊन बसणार आणि पाहणार, की मास्तर रोजच्या बोलीत बोलतो का आणि एखादं मूल मागे तर राहत नाही ना.

बोलीची जबाबदारी बायकोने, ऊर्मीने घेतली. ती बेकरीच्या काउंटरवर काम करते. गिऱ्हाइकांशी भांडण्याइतकी फ्रेंच तिला येते. "अहो, मूल चुकलं की लेक्चर देऊ नका. 'पा ग्राव' म्हणायचं. काही बिघडत नाही, असं. फिनिश!" पेंढारकर आंघोळ करतानासुद्धा 'पा ग्राव' घोकू लागले.

दुसरी युक्ती मात्र त्यांची स्वतःची. उत्तर तोंडाने द्यायचंच नाही. सगळ्यांनी एकदम हात वर करून बोटांवर दाखवायचं. त्यामुळे लिन्हचीही सोय झाली. व्हिएतनामहून आलेली ही मुलगी शाळा सुरू झाल्यापासून वर्गात चकार शब्द बोलली नव्हती, आणि पेंढारकरांच्या ते फार जिवाला लागलं होतं.

ठरल्या दिवशी मादाम मागच्या बाकावर बसल्या. पहिल्या गणिताचं उत्तर सात. सगळे हात वर. "ब्राव्हो!" दुसऱ्याचं अकरा. पुन्हा हात वर. "ब्राव्हो!" मादामच्या भुवया चढत चढत केसांपर्यंत पोचल्या. शेवटी त्या उठल्याच. "मस्य पेंढारकर, सात असो की अकरा, मुलं चारच बोटं दाखवतात. आणि तुम्ही ब्राव्हो म्हणता?"

घोळ मास्तरांनीच घातला होता. ते आईने शिकवल्याप्रमाणे पेरांवर मोजत. करंगळीपासून अंगठा एकेका पेरावर टेकवत जायचं. बोटाला तीन पेरं, हातावर बारा. बघताबघता वर्गालाही तीच सवय लागली होती. बाकीचं जग अख्खी बोटं मोजतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता हे समजावायचं, तर बायकोने शिकवलेली फ्रेंच ऐन वेळी पसार! "महोदया, आपण कृपावंत होऊन..." एवढ्यावरच त्यांची गाडी अडली. गेली नोकरी, असं त्यांनी मनात म्हणूनही टाकलं.

तेवढ्यात लिन्ह उठली. तिने मादामचा हात धरला आणि त्यांचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला. "अं," ती फ्रेंचमध्ये एकापासून मोजू लागली. "दू. त्र्वा." मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर ती थांबली. "सेत," म्हणजे सात. "माझी आजी पण असंच मोजते."

मादाम लालबुंद झाल्या. "पार्दों, मस्य." पेंढारकरांच्या तोंडून आपसूक निघालं, "पा ग्राव, मादाम, पा ग्राव!" वर्ग खो खो हसला आणि मादामसुद्धा.

संध्याकाळी दार उघडताच ते ओरडले, "अगं ऊर्मी, लिन्ह बोलली! सगळ्यांसमोर बोलली!" त्यांचे डोळे भरून आले होते.

"छानच झालं हो. पण परमनंटचं काय?"

"ते होय?" पेंढारकर बर्फाने माखलेले बूट काढत म्हणाले. "झालो की. सांगायचं राहूनच गेलं."