घरच्या मैदानाचा पुकारा

पांढरकवड्यात डोमाजी नगराळेच्या आवाजाची थट्टा सगळेच करत, पण त्या आवाजाशिवाय कापसाच्या जिनिंग कारखान्यातली गाठ हलत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. रुईच्या गाठी उचलणाऱ्या हमालांच्या टोळीला तो पुकारा द्यायचा. "लाव खांदा!" तो ओरडायचा. "लावला!" टोळी म्हणायची. "उचल गाठ!" "उचलली!" मग ती अवजड गाठ डुलत डुलत ट्रकपर्यंत जायची आणि डोमाजी म्हणायचा, "टेक!" या शब्दासरशी सगळे पाय जागच्या जागी थिजायचे. एखादा पुढे सरकला तर दुसऱ्याची कंबर मोडायची. त्यामुळे 'टेक' म्हटल्यावर का म्हणून कोणी विचारत नसे.

दोन हजार सहाच्या आसपास कापसाचे भाव असे कोसळले की जिनिंगच्या दारातल्या बैलगाड्यांची रांगच आटली. आठवड्यातले निम्मे दिवस यंत्रं बंद. टोळीतले कोणी नागपूरला गेले, कोणी सुरतेला. त्या दिवसांत गाव एकत्र यायचं ते मोर्चाला नाहीतर मयताला. एक फुटबॉलचा संघ तेवढा टिकून होता. संघात निम्मी पोरं हमाल, आणि कप्तान संघदीप, डोमाजीचा मुलगा, तोही टोळीत गाठी उचलणारा. पोरं खेळायची झकास. वणीत जिंकायची, आर्णीत जिंकायची आणि घरच्या मैदानावर हमखास मार खायची.

याचं कारण मैदानाच्या कडेलाच बसलेलं असायचं. पाहुण्याचा मान राखण्यात पांढरकवड्याचा हात कोणी धरू शकणार नाही. बाहेरचा संघ आला की त्यांना हार, चहा-पोहे, आणि त्यांनी गोल मारला की त्यांनाच टाळ्या. "वा! काय मारला गड्यानं!" घरच्या पोराचा पास मात्र जरा चुकला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. या उद्धाराची सुरुवात बहुतेक वेळा रुखमाबाई करायची, म्हणजे संघदीपची सख्खी आई. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की बाकीच्यांना चेव यायचा.

असाच एकदा संघदीप घरच्या मैदानावर हरून घरी आला आणि बूट कोपऱ्यात फेकून म्हणाला, "बाबा, या सालच्या स्पर्धेत बी असंच झालं तं आमी संघ मोडून राह्यलो. परक्या गावात निदान शिव्या तं खाव लागत नाई."

एक टोळी डोमाजीच्या डोळ्यांदेखत पांगली होती. ही दुसरीही पांगली तर गावात चार पोरं एका जागी दिसायची नाहीत, अशी त्याला खरोखरच भीती वाटली. पण घाबरून बसणाऱ्यातला तो नव्हता. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे नागोराव दरवर्षी स्पर्धा भरवत. डोमाजी थेट त्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"नागोराव, पोरं तुमी सांभाळा. पाहणारे माह्यावर सोडा."

"पाहणाऱ्यायचं तू काय करशीन बाप्पा?"

"टोळी करीन," डोमाजी म्हणाला. नागोराव हसले, पण हो म्हणाले.

मग काय, डोमाजी ओट्याओट्यावर फिरला, पानठेल्यावर उभा राहिला, बुद्धविहारातल्या बायकांना भेटला. सगळ्यांना त्यानं हमालांचा पुकारा शिकवला. माणसांना तो आवडला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना ओरडायला सांगत होतं, आणि ते कोणाच्या विरोधात नव्हतं.

पहिला सामना घाटंजीच्या संघाशी होता. डोमाजी कडेच्या दगडावर चढला. "लाव खांदा!" "लावला!" असा काही आवाज उठला की घाटंजीची पोरं एकमेकांकडे बघू लागली. चेंडू संघदीपकडे आला. "उचल गाठ!" "उचलली!" संघदीप दोघांना चुकवून पुढे सुटला. मैदान उभं राहिलं. डोमाजीला इतका आनंद झाला की वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यानं पुकारा पुरा केला.

"टेक!"

संघदीप थांबला. त्याच्या डाव्या हाताला धावणारा गोविंदा थांबला. संघात जेवढे हमाल होते तेवढे सगळे जागच्या जागी खांबासारखे उभे. घाटंजीच्या पोरानं संघदीपच्या पायातला चेंडू सावकाश काढून नेला आणि गोल केला. आणि आमच्या लोकांनी काय करावं? त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सामना गेला. संघदीप बापाशी बोलेना. रुखमाबाईनं तर घरी येईपर्यंत दोघांनाही सोडलं नाही. दुसरा कोणी असता तर कानाला खडा लावून घरात बसला असता. डोमाजी रात्रभर शरमेनं तळमळला खरा, पण सकाळी चहा पिता पिता त्याला आपलंच हसू फुटलं. "पाह्यलं न?" तो बायकोला म्हणाला. "माह्या आवाजात अजून दम आहे!"

"दम गेला चुलीत. पोरानं गोल घालवला."

"पोरानं नाई, म्या घालवला. आता 'टेक' बंद. पण तुले एक इचारतो. गाठ खांद्यावर असतानी कोणाचा पाय घसरला, तं म्या त्याले शिवी देल्ली का कधी?"

रुखमाबाईनं कप जरा जोरातच खाली ठेवला. टोळीची भाकर घेऊन ती बरीच वर्षं जिनिंगमध्ये जात होती. गाठ वर असताना शिवी दिली तर माणूस बावचळतो आणि सगळ्यांवरच गाठ येते, म्हणून जे काय सुनवायचं ते गाठ खाली ठेवल्यावर, हा टोळीचा कायदा तिला माहीत होता.

"माह्या पोराले मी नाई बोलू तं कोण बोलीन?" ती शेवटी म्हणाली.

"बोल न. पण शिटी झाल्यावर बोल."

हेच डोमाजीनं साऱ्या गावाला सांगितलं. सामना चालू आहे तोवर गाठ खांद्यावर आहे. लोकांना ते पटलं, कारण खांद्यावर काही ना काही सगळ्यांच्याच होतं.

दुसरा सामना पुसदशी, आणि याच्यावर सगळं ठरायचं होतं. संघदीपनं सकाळीच सांगून टाकलं होतं, आज शिव्या पडल्या तर उद्यापासून संघ नाही. पुसदनं आधी गोल केला. एका म्हाताऱ्याचे हात सवयीनं टाळीसाठी वर आले, ते शेजारच्यानं धरून खाली ठेवले. "लाव खांदा!" डोमाजी ओरडला, आणि मैदानानं खांदा लावला. गोविंदानं बरोबरी साधली तेव्हा तर रस्त्यावरचे ट्रकवालेही खाली उतरून ओरडत होते.

शेवटी शेवटी घरच्या संघाला पेनल्टी मिळाली. चेंडूमागे संघदीप उभा राहिला. त्यानं सगळा जीव लावून मारला, आणि चेंडू खांबावरून जो उडाला तो पलीकडच्या तुरीच्या शेतात.

संघदीप गुडघ्यांवर हात टेकून मान खाली घालून उभा. आणि सगळ्यांच्या नजरा रुखमाबाईकडे वळल्या, कारण सुरुवात तीच करायची. डोमाजीनंही तिच्याकडे पाहिलं. पुकारा द्यायला हवा होता, पण पोराची वाकलेली पाठ पाहून तो पुकाराच विसरला. रुखमाबाई उठली. पदर कमरेला खोचला. एक करकरीत शिवी ओठांपर्यंत आलेली सगळ्यांना दिसली, आणि तिनं ती गिळली.

"लाव खांदा!" ती ओरडली. डोमाजीपेक्षाही उंच.

"लावला!" सगळं मैदान म्हणालं.

संघदीपनं मान वर केली. आईकडे बघून त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि तो मागे धावत आपल्या जागेवर गेला. उरलेल्या वेळात पुसदला मधली रेघ ओलांडता आली नाही. सामना बरोबरीत सुटला, पण घरी जायला कोणी उठेना. नागोराव खुर्च्या उचलत होते, त्यांना संघदीप म्हणाला, "काका, पुढच्या साली आपले सारे सामने इथंच ठेवजा."

घरी आल्यावर रुखमाबाईनं ताट वाढलं आणि तोंड उघडलं. आंधळा, लुळा, तुरीचा धनी, मैदानभर राखलेलं सगळं तिनं एकदम बाहेर काढलं. संघदीप मान खाली घालून जेवत होता, हसू दाबता दाबता त्याला ठसका लागला. माय शिव्या देत राहिली आणि त्याच्या ताटात वरण ओतत राहिली.