चिंचेखाली डफ थांबतो

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पापड लाटत होते. नाना माझा मोठा भाऊ. निरोप्याला पाणी दिलं, पीठ झाकलं आणि तापीवर होडी गाठली. माहेरच्या, कोरीटच्या वाटेवर, आमच्या बांधावरची चिंच आली तशी मी वर पाहिलं. वटवाघळं लटकत होती. नेहमीसारखीच... नानाच्या घरातल्या रडण्याचा आवाज तिथवर येत होता.

ही वटवाघळं आमचे पेरू फस्त करायची. आई शिव्या द्यायची. गुडघेदुखीवर त्यांच्या चरबीचं तेल काढायला कुणी मारायला आलं, तर नाना त्याला चहा पाजून परत पाठवायचा. माझ्या लग्नाच्या आदल्या वैशाखात एका वरातीच्या डफांनी ती भर उन्हात उडाली आणि आयांच्या पोटाला बिलगलेली पिल्लं रस्त्यावर पडली. नानाने ती धोतराच्या सोग्यात गोळा केली. एकही जगलं नाही.

म्हणून माझं वऱ्हाड वाजतगाजत आलं तेव्हा तो हात पसरून वाटेत उभा राहिला.

"आठे वाजाडू नका. वर पिलं शेतस."

सासरे भडकले, चोरासारखं गुपचूप का जायचं म्हणून. "आम्ही नवरदेव लई वनूत, चोरी कराले नही!"

"मंग हयू चाला. नवरदेव काय पयी जाव नही," नाना म्हणाला. हळू चाललं म्हणून नवरदेव काही पळून जात नाही.

वऱ्हाड परत फिरायच्या बेतात होतं. मी आत हळद लावून बसलेली. शेवटी नवरदेवच घोड्यावरून उतरला आणि मुकाट्याने चालू लागला. सगळे झाडाखालून गेले, तेव्हा नानाने वर पाहिलं आणि तो एवढंच म्हणाला, "ऱ्हायनात." राहिली, पिल्लं आयांपाशीच.

पाठवणीच्या वेळी मी त्याला विचारलंच, "मन्हा लगीनपेक्षा वाघूय मोठं का?" वटवाघळाला आम्ही वाघूय म्हणतो.

"तुन्हा नवरा तुले भेटना. त्यास्नी माय त्यास्ले ऱ्हाऊ दे." मला नवरा मिळाला होता, पिल्लांना त्यांची आई राहायला हवी होती.

सासरी मला उठायला जरा उशीर झाला की सासूबाई हाक मारायच्या, "वाघूयनी बहीण, दिन निंघना!" वटवाघळांची बहीण, ते नाव जन्माचं चिकटलं.

पुढे कोरीटात रीतच पडली. चिंचेखाली डफ थांबायचा. लोक म्हणू लागले, झाडावर देवी आहे. मी नानाला म्हटलं, खरं काय ते सांग ना. तो म्हणाला, "देवीले घाबरतस. मन्हं कोन आयकस?" तरी प्रत्येक वरातीला तो वाटेत उभा असायचाच. वरात गेली की वर बघायचा आणि तो एकच शब्द...

नाना गेल्यावर, परवा मी माहेरी असताना पलीकडच्या गावचं वऱ्हाड आलं. वाजंत्री नवखे, पोरसवदा. डफ जवळ येऊ लागला तशी मी हातातलं सूप ठेवून वाटेवर धावले. वर पिल्लं होती. हात पसरणार, तोच गावातली एक म्हातारी पुढे होऊन ओरडली, "बंद करा रे, देवी शे आठे!"

डफ थांबला. नुसत्या वहाणा वाजत होत्या, आणि वर उन्हात वारा घेणारे पंख. मला करायला काही उरलं नव्हतं. बाजूला उभी राहिले. वरात पुढे गेली, विहिरीपाशी डफ पुन्हा सुरू झाला. मी थोडं थांबले. नानाचा तो शब्द म्हणायला आता कुणी नव्हतं.

मग मीच वर पाहिलं.

"ऱ्हायनात," मी म्हटलं. मोठ्याने.