डोमाच्या तीन रंगांच्या चाली

डोमा शांत झाला, असं त्याच्या तेरवीच्या पत्रिकेत छापलं होतं. साफ खोटं. ज्या माणसानं पंधरा वर्षं अख्ख्या अड्याळ गावाला दुपारी डोळा लागू दिला नाही, तो शांत कसला होतोय? बातमी मला शहापूरच्या थांब्यावर मिळाली. पवनीकडून आलेल्या बसचा कंडक्टर खिडकीतूनच म्हणाला, "गुरुजी, तुमचा गिटारवाला गेला ना." चहा हातातच थंड झाला... आणि पहिला राग आला तो डोमाचाच. दिवाळी तोंडावर असताना जायचं असतं का?

डोमा पिढीजात विणकर. सन सत्तरच्या सुमारास त्यानं नागपूरहून एक जुनी हवाईयन गिटार आणली. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी घसरवत वाजवायची. डोमाची अडचण अशी की जन्मभर मागावर बसलेला माणूस, पाय हलल्याशिवाय हात चालेनात. मग त्यानं मोडक्या मागाच्या, पायानं दाबायच्या दोन पावड्या काढल्या, सायकलच्या ब्रेकच्या वायरीनं तारांना जोडल्या आणि गिटार चौरंगावर ठोकली. पावडी दाबली की तार ताणली जायची आणि सूर असा वर चढायचा की गोठ्यातल्या म्हशी पान्हा सोडायच्या. एका म्हशीचं मी स्वतः पाहिलंय; बाकीच्यांचं ऐकून सांगतो.

पुढं गावोगावच्या सुतारांनी पाटावर सहा तारा ठोकून तशाच गिटारी केल्या. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते; भाजीची नव्हे, नाचगाण्याची जत्रा. त्या सुट्टीत सगळ्यांना वाजवता याव्यात म्हणून डोमा सोप्या चाली कागदावर उतरवून फुकट वाटायचा. कागद चौकड्यांचा, लुगड्याच्या काठाचे नमुने काढायचा तोच. सहा ओळी म्हणजे सहा तारा. सोपी चाल तीन घरांत, म्हणजे तारेवर कांडी टेकवायच्या तीन जागांत बसते, म्हणून रंगही तीनच: लाल, हिरवा, काळा. पावडी दाबायची तिथं खाली पिवळा ठिपका. आकडा एकही नाही. मी शिक्षक, मला ते खटकलं. तो म्हणाला, "गुरुजी, ज्याले आकडे येत नाही, त्यानं काहून वाजवू नये?"

हे खुपलं उस्तादांना. उस्ताद म्हणजे मंडईला ऑर्केस्ट्रा पुरवणारे, शिष्याला तीन वर्षं नुसती सतरंजी झटकायला लावणारे गृहस्थ. ते मंडईच्या कमिटीला म्हणाले, गुरूवाचून विद्या वाटणं हा अधर्म. कागद बंद करा, नाहीतर माझा ऑर्केस्ट्रा विसरा. कमिटी घाबरली. घरोघरचे कागद टोपलीत गोळा झाले. डोमाला मारुतीसमोर उभं केलं. यापुढं चाल लिहिणार नाही अशी शपथ घे, नाहीतर तुझ्या कागदावर शिकलेला एकही पोरगा मंडईत वाजवणार नाही. मी तिथंच होतो. मला वाटलं, डोमा टोपली उलटी करेल. त्यानं नारळावर हात ठेवला. पोरांसाठी ठेवला.

मंडईच्या दिवशी मात्र गंमत झाली. डोमाच्या शेजारच्या सगुणाबाई, पांढऱ्या केसांच्या आणि मागावर पक्क्या. डोमानं त्यांच्या भाच्यासाठी दसऱ्याला दिलेला कागद त्यांनी काठाचा नमुना समजून ठेवून घेतला होता, आणि तो टोपलीत जाण्याआधीच इमानदारीनं लुगड्यांत विणूनही टाकला होता. मंडईत ती लुगडी नेसून चाळीस बायका आल्या. मी चाळीस म्हणतो, तुम्ही चार समजा. डोमा पावडीवर पाय ठेवून बसला होता. समोरून एक काठ गेला. त्याची मान त्या काठाबरोबर फिरली, कांडी घसरली आणि चाल सुरू झाली... उस्ताद तरातरा स्टेजजवळ आले. शपथेचं काय, म्हणाले.

"लिवणार नाही म्हणलं होतं, उस्तादजी. इणणार नाही असं कोण म्हणलं? आता पाहिजे तं लुगडी गोळा करा."

उस्तादांनी एकदा त्या बायांकडं पाहिलं. सगुणाबाईंनी पदर खोचला. उस्ताद परत फिरले.

डोमानं शपथ मरेपर्यंत पाळली, पेन्सिल पुन्हा धरली नाही. दर दसऱ्याला सगुणाबाईंच्या मागाशेजारी बसायचा आणि तोंडानं रंग सांगायचा. त्या वर्षीची सोपी चाल बायांच्या अंगावरून आसपासच्या गावांत पोचायची. पहिल्या काठात एका जागी सगुणाबाईंचा धागा चुकला होता, हिरव्याच्या जागी काळा. डोमानं दाखवला. त्या म्हणाल्या, "तुह्याच कागदात तसं होतं." कागद तर टोपलीत गेलेला, निवाडा कोण करणार? डोमा ती चूक तशीच वाजवू लागला. मग सगळेच तशी वाजवू लागले.

तेरवीला उस्तादांचा माणूस आला होता. डोमाची विद्या आता योग्य हाती जावी, गिटार आम्हाला द्या, म्हणाला. डोमाच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, त्याला पोटभर जेवू घातलं आणि रिकाम्या हातानं परत धाडलं. गिटार ओसरीवर तशीच आहे, कुणीही यावं आणि बसावं. समोरच्या भिंतीवर सगुणाबाईंच्या त्या पहिल्या लुगड्याचा काठ खिळ्यांनी ठोकलाय. लाल विटलाय, काळा पक्का आहे. परवा मी बसलो. माझ्या बोटांना संगीताचा शाप आहे, गाव साक्षीला आहे. तरी अडखळत वाजवलं. त्या चुकलेल्या धाग्याशी आलो. खरा सूर मला ठाऊक होता... मी काळंच घर धरलं आणि पावडी दाबली.