वन्संचे भुलेचे कागद

जुलैतला पहिला रविवार, सकाळ. स्थळ: वन्संच्या घरची पडवी. हजर: मी, माझे यजमान, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, वन्सं स्वतः, आणि त्यांची सून. गैरहजर: वन्संचा मुलगा. मासेमारीची बंदी चालू असल्यामुळे तो जेटीवर जाळी दुरुस्त करत होता.

घरातल्या महत्त्वाच्या बोलण्याची मी अशी नोंद ठेवते. शाळेच्या कार्यालयात अर्धं आयुष्य गेलं की हाताला तशी सवय लागते. यजमान तिला ‘इतिवृत्त’ म्हणून हसतात, पण गणपतीला कोणी काय आणायचं ठरलं होतं हे विचारायला माझ्याकडेच येतात.

विषय एकच होता. वन्संच्या पित्ताशयात खडे झाले होते. दोनदा त्या जेटीवरच्या मासळीच्या लिलावातून पोट धरून घरी आल्या होत्या. ऑपरेशन करायचं हे ठरलं होतं, सर्जनही तयार होते. अडवलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी. तपासताना वन्संनी त्यांना बोलता बोलता सांगितलं, की पाच वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली तेव्हा ऑपरेशननंतर त्यांना स्वतःचा श्वास घेता येईना, म्हणून यंत्रावर ठेवलं होतं. बाईंनी लिहिणं थांबवलं.

“तेव्हा कुठलं औषध दिलं आणि नक्की काय झालं?”

“ते मला कसं ठावक? मी झोपलेली.”

“मग ते कागद आणा. ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला भूल देणार नाही. आणि वेळ लावू नका. खड्यानं अचानक जोर केला तर तेव्हा कागद शोधत बसता येणार नाही.”

म्हणून ही सभा. मी वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, “वन्सं, मागच्या ऑपरेशनची फाइल कुठे आहे?”

वन्सं अंगणाकडे बघायला लागल्या. सुनेनं पदर तोंडाला लावला.

“हसतेस काय? सांग.”

“मामी, ती शिमग्यात गेली.”

“गेली म्हणजे?”

“आईंनी होळीच्या होमात टाकली. फाइल, पोटाचा पट्टा, गोळ्यांची पाकिटं, सगळं.”

“टाकली तर टाकली,” वन्सं म्हणाल्या. “दुखनं घरात ठेवायचं नसतं वयनी. जाळलं आणि बरी झाले का नाय? पाच वर्षं एक दिवस झोपून राहिले नाय.”

यजमान म्हणाले, “ताई, तू दुखणं जाळलंस ते ठीक. पण त्याचा पत्तापण जाळलास.”

मी लिहिलं: मूळ फाइल उपलब्ध नाही. आणि सगळ्यांना सांगितलं, की घाबरायचं कारण नाही. आपल्या हातात देतात ती फाइल म्हणजे सगळे कागद नव्हेत. रोज काय दिलं, ऑपरेशन कसं झालं, भूल कशी दिली, हे सगळं दवाखान्याच्या स्वतःच्या केसपेपरमध्ये असतं. त्याची प्रत मागण्याचा पेशंटला हक्क आहे. लेखी अर्ज दिला, की बहात्तर तासांत द्यायची असा नियम आहे.

“मागायची?” वन्संचा आवाज एकदम बदलला. “डॉक्टरकडं कागद मागायचे?”

“हो.”

“मी नाय मागनार.”

त्यांचं म्हणणं असं. त्या डॉक्टरांनी त्यांना मरणातून ओढून आणलं. दर दिवाळीला त्या त्यांच्या घरी ताजा सरंगा मासा नेऊन देतात. आणि गावात कागद कोण मागतं? ज्याला डॉक्टरवर केस करायची असते तो. वाडीतल्या एकानं असेच कागद मागितले होते, तर त्या दवाखान्यात आजही त्याच्याकडे कोणी धड बघत नाही. “तो देवमानूस काय म्हनेल? हिला वाचवली आणि ही आता हिशेब मागायला आली.”

सुनेनं समजावलं, भावानं समजावलं. शेवटी मी म्हटलं, “तुम्हाला बोलायचं नाही ना, मी लिहिते. तुम्ही फक्त सही करा.” आणि तिथेच बसून अर्ज लिहिला. अर्ज लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मजकूर झरझर आला. वाचून दाखवला:

“...उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती विहित मुदतीत पुरविण्यात याव्यात. अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.”

सुनेचा पदर पुन्हा तोंडाला गेला.

“वयनी,” वन्सं म्हणाल्या, “ही नोटीस हाय.”

“अर्ज आहे तो.”

“मला कळत नाय असं नाय. सातवीपर्यंत गेलेय मी. शेवटची ओळ ऐकून मलाच दारात पोलीस आल्यासारखं वाटलं. डॉक्टरला काय वाटेल?”

यजमान म्हणाले, “गॅस एजन्सीला हिनं असंच लिहिलं होतं. त्यांनी सिलेंडर दिला आणि त्या दिवसापासून मला बघितलं की आत जातात.”

मी पान फाडलं नाही, पण बाजूला ठेवलं. म्हटलं, “बरं, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडचं लिहिते.”

वन्संनी पदर सावरला. मग त्या बोलत गेल्या आणि मी लिहीत गेले. ‘डॉक्टर, तुम्ही मला वाचवलंत ते मी विसरलेली नाही. आता माझं दुसरं ऑपरेशन आहे. तिथल्या भुलेच्या बाईंचा माझ्यापेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास आहे, म्हणून त्या तुम्ही काय लिहिलंय ते बघू म्हणतात. तेवढं द्या.’

त्याखाली मी माझं घातलं, कारण नुसत्या मायेनं कपाटातून कागद निघत नाही. पेशंटचं पूर्ण नाव, वय, ऑपरेशन कुठलं, कधीचं, आणि काय काय हवं: आंतररुग्ण केसपेपर, ऑपरेशनची नोंद, भुलेचा तक्ता, डिस्चार्ज कार्डाची प्रत. झेरॉक्सचा खर्च देऊ हेही लिहिलं. सोबत आधार कार्डाची प्रत जोडली. तारीख वन्संना आठवेना. “नारळी पुनवेला होड्या पान्यात गेल्या, त्याच्यानंतरचा शुक्रवार,” एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. मोबाइलमधल्या जुन्या कॅलेंडरवरून सुनेनं तारीख काढली. वन्संनी सही केली. त्या येणार नसत्या, तर मला त्यांचं सहीचं अधिकारपत्र न्यावं लागलं असतं. पण सही केल्यावर त्या म्हणाल्या, “मी येते. तुला एकटीला सोडली तर तू तिथं भांडशील.”

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भाट्याच्या पुलावर रिक्षात बसल्या बसल्या मला सोड्यांचा, सुकवलेल्या कोळंबीचा, वास आला.

“वन्सं, पिशवीत काय आहे?”

“काय नाय. वाटीभर सोडे. बंदीत ताजं कुठून आनू?”

“अर्जासोबत सोडे द्यायचे नाहीत. लाच दिसते ती.”

“सोड्याची लाच कोन घेतंय?”

“पोच मिळेपर्यंत पिशवी उघडायची नाही.”

जुन्या दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीनं अर्ज घेतला, वाचला आणि विचारलं, “कशाला हवेत? काही तक्रार आहे का?” मी नियम सांगायला तोंड उघडलं, तोवर वन्सं पुढे झाल्या. “तक्रार नाय गो बाय. पोटात खडे झालेत. पुन्हा भूल घ्यायचीय आणि मला जागं व्हायचंय.” मुलीनं अर्ज पुन्हा वाचला. मग म्हणाली, “बसा, सरांना दाखवते.” मी दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि सही मागितली. वन्संनी माझ्या दंडाला चिमटा काढला. मुलीनं शिक्का मारून दिला.

डॉक्टर आता बरेच थकलेत, सकाळीच काय ते पेशंट बघतात. आम्हाला आत बोलावलं तेव्हा अर्ज त्यांच्या समोर होता आणि चेहरा गंभीर होता. मला वाटलं, झालं, वन्संचं म्हणणं खरं ठरलं.

“मला एक सांगा,” ते म्हणाले, “डिस्चार्जच्या कार्डावर मी लाल शाईनं लिहून दिलं होतं. पुढं कुठलंही ऑपरेशन असलं तर हे आधी दाखवा, असं. तुमच्या मुलालाही बजावलं होतं. ते कार्ड कुठं आहे?”

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, की अर्जाला इतका विरोध कशासाठी होता. त्यांना डॉक्टरांच्या रागाची भीती नव्हती. हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं.

“डॉक्टर, तुम्ही दिलेला कागद मी जाळला. शिमग्याला.”

“जाळला?”

“दुखनं जावं म्हनून.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. खांदे हलायला लागले तेव्हा कुठे कळलं की ते हसतायत. “मी इथं बसून विचार करत होतो, की माझं काय चुकलं म्हणून पाच वर्षांनी अर्ज आला. बाई, कागद मागायला काय लाजायचं? तुमच्याच अंगाचे कागद आहेत ते.” मग म्हणाले, “पण भरवसा देत नाही हं. तीन वर्षं ठेवायचा नियम आहे. आम्ही सहसा टाकत नाही, पण वरच्या खोलीत गेल्या दोन पावसाळ्यांत ओल आली. बऱ्याच गठ्ठ्यांची खराबी झालीय. शोधायला सांगतो.”

निघताना त्यांनी विचारलं, “या खेपेला रिकाम्या हातानं?” वन्संनी विजयी नजरेनं माझ्याकडे बघितलं. शिक्क्याची पोच माझ्या पर्समध्ये होती, म्हणून मी मान हलवली. पिशवी उघडली.

मंगळवार गेला. बुधवारी वन्संचं पोट पुन्हा दुखलं, नेहमीपेक्षा जास्त. सुनेनं मला शाळेत फोन केला. तिचा आवाज ऐकून मी पर्स उचलली आणि मुख्याध्यापकांना न विचारताच निघाले. इंजेक्शननं दुखणं उतरलं, पण सर्जन म्हणाले, आता फार दिवस काढू नका. त्या संध्याकाळी वन्सं खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाल्या, “वयनी, गठ्ठा सापडला नाय तर?” एरवी माझ्याकडे प्रत्येक ‘नाही तर’ला उत्तर असतं. मी म्हटलं, “सापडेल,” आणि उशी नीट केली.

गुरुवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला. गठ्ठा सापडला होता. वरची पानं एकमेकांना चिकटली होती, कडांना काळी बुरशी धरली होती. पण भुलेचा तक्ता मधे होता आणि स्वच्छ वाचता येत होता. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर शिक्का मारून त्यांनी दिला. मी तिथेच उभी राहून पानं मोजली आणि रिक्षा केली.

भुलेच्या डॉक्टरबाईंनी तो तक्ता दोनदा वाचला. एका औषधाच्या नावाखाली बोट ठेवलं. “हेच मला वाटत होतं. काही माणसांच्या रक्तात एक द्रव्य कमी असतं. एरवी त्याचा काहीच त्रास होत नाही. पण भूल देताना स्नायू सैल करायला हे औषध दिलं, तर त्यांच्या अंगातून ते लवकर उतरत नाही. तुमच्या त्या डॉक्टरांनी वेळेवर ओळखलं आणि यंत्रावर ठेवलं. हे औषध टाळायचं, दुसरी आहेत. आता मी तुम्हाला निर्धास्तपणे भूल देते.”

वन्सं म्हणाल्या, “सांगितलं होतं ना, देवमानूस.”

“आणि एक,” बाई म्हणाल्या. “हे रक्ताच्या नात्यात असू शकतं. तुमची मुलं, भावंडं, सगळ्यांची रक्ततपासणी करून घ्या.”

ऑपरेशन शनिवारी झालं. बाहेर आणल्यावर वन्संनी डोळे उघडले. मी, यजमान आणि सून असे तिघं वाकून उभे होतो. पहिलं वाक्य होतं, “एवढे वाकून काय बघताय? हाय मी.” नारळी पौर्णिमा होऊन लिलाव सुरू झाले, तेव्हा त्या टोपली न उचलता, नुसता आवाज लावायला का होईना, जेटीवर हजर होत्या.

यंदाच्या शिमग्याला मी मुद्दाम वाडीत गेले. वन्संनी रिकाम्या गोळ्यांची पाकिटं आणि नवा पोटाचा पट्टा होमात टाकला. तो त्यांचा हक्क आहे. फाइल मात्र कपाटात आहे, आणि भुलेच्या बाईंनी नव्यानं लाल शाईत लिहून दिलेल्या कार्डाची एक प्रत सुनेच्या मोबाइलमध्ये, एक वन्संच्या बटव्यात आणि एक माझ्याकडे. आता वाडीतल्या बायका वन्संना विचारून अर्ज लिहून घ्यायला येतात. वन्सं वरचा मजकूर सांगतात, खालचा मी घालते. माझी ती शेवटची ओळ अजून कोणी घालू दिलेली नाही.

वहीत त्या रविवारच्या पानावर कामं लिहिली होती. पुढे त्यात भर पडत गेली. अर्ज, झाला. पोच, मिळाली. कागद, आले. ऑपरेशन, झालं. भाच्याची, म्हणजे वन्संच्या मुलाची, रक्ततपासणी, त्याच आठवड्यात झाली. बायको हात धरून घेऊन गेली. त्याला काही निघालं नाही.

शेवटची ओळ यजमानांच्या रक्ततपासणीची आहे, तिच्यापुढे अजून ‘झाली’ नाही. “मला कुठं ऑपरेशन करायचंय?” हे त्यांचं उत्तर मी पाठ केलंय. खरं कारण सुई आहे, हे वन्संनी मला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. लॅब सकाळी उघडते, बाजाराच्या वाटेवरच आहे. यजमानांना उद्या भाजी आणायला माझ्याबरोबर यायचंय, एवढंच सांगितलंय.