गरीब व होतकरू

आमच्या महिला मंडळाच्या अर्जावर वरच छापलेलं आहे, 'फक्त गरीब व होतकरू महिलांसाठी'. त्यातला तो 'व' ज्या कुणाला सुचला, त्याला एकदा समोर बसवून जाब विचारावा असं मला फार वाटतं. नुसतं गरीब असून भागत नाही. नुसतं होतकरू असूनही भागत नाही. दोन्ही एकाच वेळी दिसावं लागतं, आणि तेही आम्ही बघायला येऊ त्या पंधरा मिनिटांत.

मी मंडळाची सेक्रेटरी. शाळेच्या ऑफिसात जन्म काढला, अक्षर बरं आहे, म्हणून अर्ज माझ्या गळ्यात. खांदा कॉलनीत आमचा हॉल आहे आणि तिथे कामकरी बायकांच्या मुलांसाठी फुकट पाळणाघर चालतं. चांगलं चालतं, खोटं कशाला बोलू? दुपारी वरणभात मिळतो, गाणी होतात, कुठकुठल्या मुलखातली पोरं दोन महिन्यांत चुरुचुरु मराठी बोलायला लागतात. याच मंडळाच्या बायका एकेकाळी दारूच्या गुत्त्यासमोर ठाण मांडून बसल्या होत्या. मीही होते त्यात, पोलिसांची दटावणी खाल्लेली आहे. तेव्हा कुणाच्या घरात शिरून तिची गरिबी तपासावी हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. आता आंदोलनं संपली आणि गृहभेटी आल्या.

गृहभेट म्हणजे अर्ज आला की तिघींनी जायचं. अध्यक्षबाई, खजिनदारबाई आणि वही धरायला मी. अध्यक्षबाई घराच्या मधोमध उभ्या राहून चौफेर नजर फिरवतात, खजिनदारबाई भांड्यांच्या फळीकडे वळतात. मागे एकदा झारखंडहून आलेल्या, रेती वाहणाऱ्या एका बाईकडे गेलो होतो. खरकटी भांडी तशीच पडलेली, पोराच्या नाकाला शेंबूड. बाहेर पडल्यावर अध्यक्षबाई नाकाचा रुमाल काढून म्हणाल्या, "गरीब आहे हो, पण होतकरू नाही. केर काढायला काय पैसे पडतात?" अर्ज नामंजूर. ती बाई उजाडल्यापासून टोपल्या वाहत होती, तिने केर काढायचा कधी, हे मी विचारलं नाही. वहीत फुली मारली आणि घरी येऊन जेवले.

त्यानंतर अर्ज आला तो माझ्याच घरी स्वयंपाकाला येणाऱ्या नेपाळी बाईचा. तिचा नवरा तळोज्याला एका अर्धवट टॉवरवर वॉचमन. राहायला खालच्या पार्किंगमध्ये विटा रचून केलेली खोली. संध्याकाळ झाली की कारखान्यांचा तो आंबट वास खोलीत येऊन बसतो. मुलगी साडेतीन वर्षांची. नवऱ्याला गेट सोडता येत नाही, गेटवर पोरीला ठेवावं तर दिवसभर ट्रकांची ये-जा, आणि हिला पाच घरची कामं, म्हणून पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप. एक दिवस ही परत गेली तर पोरगी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत होती, आणि खिडकीखाली बांधकामाच्या पाण्याची उघडी टाकी. हे तिने मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. माझ्या हातातली भाजी निवडायची राहिली. म्हटलं, काही झालं तरी या पोरीला पाळणाघरात घालायचंच.

आणि तिथेच मी माती खाल्ली. झारखंडच्या बाईचं डोक्यात होतं, म्हणून मी हिला बजावलं, "आमच्या मॅडम घर बघायला येणार आहेत. सगळं नीटनेटकं ठेव. पोरीला स्वच्छ आंघोळ घाल."

"किती पाहुणे, दीदी?" तिने विचारलं.

"तिघी."

"मी करतो सगळं," ती म्हणाली. मराठी ती आमच्याकडच्या पुरुषांचं ऐकून शिकली, त्यामुळे स्वतःला 'करतो, येतो' म्हणते.

केलं तिने सगळं. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून तीन खुर्च्या मागून आणल्या. पलंगावर घडीच्या रेषा न मोडलेली नवी चादर. पोरीच्या केसांना लाल रिबिनी, नखांना नेलपॉलिश. स्वतः लग्नातली साडी, गळ्यात त्यांच्याकडच्या बायका घालतात ती बारीक काचमण्यांची माळ. आम्ही बसलो तोच समोसे आले आणि स्टीलच्या ग्लासातून कोल्ड्रिंक. तिचा चेहरा काय फुलला होता सांगू. परदेशात येऊन सहा वर्षं झाली होती आणि तिच्या घरी पहिल्यांदाच कुणी पाहुणं आलं होतं.

खजिनदारबाईंनी दोन समोसे खाल्ले, बोटं रुमालाला पुसली आणि गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "ही कसली गरीब?"

"होतकरू आहे, वादच नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण गरीब वाटत नाही. गरजू बाई कोल्ड्रिंक पाजते का? आणि नेलपॉलिश बघितलंत?"

मी म्हटलं, नीट ठेव म्हणून मीच सांगितलं होतं. त्यावर अध्यक्षबाई माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाल्या, "तुम्ही फार साध्या आहात हो. या लोकांना बरोब्बर कळतं, कुणापुढे काय करायचं." तोंडाला समोशाचा वास येत होता त्यांच्या. मला त्या वासाची, त्या थोपटण्याची, गाडीतल्या एसीची, सगळ्याचीच किळस आली. पण उतरले नाही. कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत तशीच बसून आले.

माझी आई जासईकडच्या मिठागरात मीठ ओढायची. आम्ही लहान असताना शहरातल्या कुणी समाजसेविका आल्या आणि घरटी एक लोकरीचा स्वेटर वाटून गेल्या. भर उन्हाळ्यात, मिठागरात, स्वेटर. आईने हात जोडून घेतला आणि गाडी गेल्यावर त्याची चुंबळ करून टोपलीखाली घातली. "त्यांचं मन कशाला मोडा," म्हणाली, "पन आमाला काय पायजे ते कुनी इचारलं नाय." त्या बायांना आम्ही पोरी पोट धरून हसलो होतो. गाडीतून उतरताना मला त्या आठवल्या आणि वाटलं, निदान त्यांनी आमच्या घरातली भांडी तरी बघितली नव्हती.

नामंजुरीचं पत्र माझ्याच अक्षरात गेलं. तिने ते मला परत आणून दाखवलं, वाचून घ्यायला. मी वाचलं. "समोसा चांगला नव्हता का?" असं विचारलं तिने.

कुलूप चालूच राहिलं. खिडकीला नवऱ्याने फळी ठोकली, म्हणजे आता पोरगी दिवसभर अंधारात. मला जेवण जाईना. शेवटी अध्यक्षबाईंच्या हातापाया पडून, माझ्याच वहीत चूक झाली, खुर्च्या उसन्या होत्या, असं सांगून मी दुसरी भेट मंजूर करून घेतली. मग तळोज्याला गेले आणि तिला शिकवायला बसले. हो, शिकवायला. चादर काढ. माळ काढ, कानातलं काढ. पोरीच्या केसांना तेल लावू नकोस. जुना फ्रॉक घाल, तो फाटका. खुर्च्या आणायच्या नाहीत, त्यांना उभं राहू दे. पोरगी पलंगाच्या कडेला पाय हलवत बसून सगळं ऐकत होती.

"चहा?" तिने विचारलं.

"काही नाही."

"घरी आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं, दीदी? मला लाज वाटते."

"त्या पाहुण्या नाहीत," मी म्हटलं. "त्या बघायला येणार आहेत." माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता. एका धडधाकट, नेटक्या बाईला मी भिकारपणाची रंगीत तालीम देत होते, आणि ती मान डोलावत होती, कारण तिला पोरीला त्या कुलपातून सोडवायचं होतं.

दुसरी भेट झकास पार पडली. पोरीने नाक ओढत फाटक्या फ्रॉकचा कोपरा चघळला. आई दाराला टेकून खाली बघत उभी राहिली, नजर म्हणून वर केली नाही. अध्यक्षबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पोरीला जवळ घेऊन फोटो काढायला लावला आणि गाडीत बसेपर्यंत तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. "आता कशी खरी परिस्थिती दिसली," असं त्या मला म्हणाल्या. मी वहीत बरोबरची खूण केली. शिसारी आली होती, पण खूण सुबक केली.

पोरगी पाळणाघरात आली, रुळली, गुटगुटीत झाली. मंडळ सोडायचं माझ्या मनात कितीदा आलं, पण मी सोडलं तर अर्ज खजिनदारबाईंच्या हातात जातील, म्हणून सोडलं नाही. निदान मी स्वतःला तरी असंच सांगते.

मग त्यांचा दसऱ्याचा सण आला आणि तिने मला जेवायला बोलावलं. मंडळाला नाही, मला. मी जरा लवकरच पोचले. पोरगी खोलीबाहेर खेळत होती, अंगात नवाकोरा पिवळा फ्रॉक, पायात पैंजण, कपाळावर त्यांचा तो तांदळाचा लाल टिळा. मला बघितलं आणि आत पळाली. मला वाटलं, आईला सांगायला गेली.

वाकून दारातून आत शिरले. खोलीभर तळणाचा वास होता. आईची पाठ माझ्याकडे होती, ती कढईतून काहीतरी काढत होती. पोरीने तेवढ्यात फ्रॉक अंगातून ओढून काढला होता आणि तो दोन्ही हातांनी पलंगाखाली कोंबत होती. मग उघड्या अंगाने दाराला टेकून उभी राहिली, मान खाली घातली आणि आमच्या पाळणाघरात शिकलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "आमच्याकडे काहीच नाही, बाई."