दादानं रायफल घ्यायची ठरवली तेव्हा...

गेल्या रविवारी नांदेडहून गावी गेले होते. शिरूर अनंतपाळजवळचं आमचं छोटं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून बंदूक पुसत होते. निवडणूक आली की लायसन्सवाल्यांना बंदूक पोलीस स्टेशनात जमा करावी लागते... ती नुकतीच परत मिळाली होती.

साधी एकनळी, पीक राखायला मिळालेली. शिकारीला आपल्याकडं बंदीच, त्यामुळं अण्णांनी आजवर बार काढला तो हवेतच. हरभऱ्यातली हरणं आवाजानं पळतात आणि घटकाभरानं परत येतात!

तेवढ्यात टेक्सासहून शिवादादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, व्हिडिओ कॉल आला. एरवी त्याचं आणि अण्णांचं बोलणं 'जेवलास का', 'पाऊस हाय का' यापुढं जात नाही. त्या दिवशी मात्र दादाकडं विषय होता.

त्याच्या मित्राच्या शेतात रानडुकरांनी धुमाकूळ घातलाय. तिथं शेतमालकाची परवानगी असली की त्यांची शिकार करता येते. दादानं त्यासाठी शिकारीचा कोर्ससुद्धा केलाय. "अण्णा, सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊ का साधी?" असं म्हणत त्यानं फोटो दाखवले.

अण्णा इतके खुलले म्हणून सांगू... चष्मा लावून फोन नाकाशी धरला. वजन किती, धक्का किती बसतो, सगळं विचारून झालं. "एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरती म्हण की! आपल्याकडं शेतकऱ्याला असली कुठं मिळती?"

मग जरा विचार करून म्हणाले, "साधीच घे. दर बाराला हातानं गोळी भरावी लागती ना, तेवढ्यात समोर कोण हाय ते नीट बघणं होतं."

बापलेक असे बोलताना मी किती वर्षांनी बघत होते... आई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहून ऐकू लागली.

अण्णांनी सहज विचारलं, "पर लायसन्सचं कसं रे? परदेशी माणसाला देत्यात का तिथं बंदूक?"

दादानं रायफलचा फोटो बाजूला केला.

"व्हिसावर अवघड असतं, अण्णा. आता... ग्रीन कार्ड आलंय. सांगणारच होतो."

ग्रीन कार्ड म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. 'थोडी वर्षं काढतो आन येतो' म्हणून गेलेला दादा. त्याच्या भरवशावर अण्णांनी बोअरजवळचा शेताचा तुकडा अजून कुणाला बटईनं कसायला दिला नव्हता. 'शिवा आल्यावर बघू' म्हणायचे.

आईनं कप खाली ठेवला. आता अण्णा चिडणार, असं मला वाटलं.

"मग कुलपाचं कपाट घे," ते म्हणाले. "गोळ्या येगळ्या ठेव. घरात तुझं लेकरू हाय." त्यांनी चष्मा काढला. "आन हे बघ शिवा... घर घेशील तवा मातर आधी सांग."

"हाव, अण्णा," दादा एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून 'हो'ऐवजी आमच्याकडचा 'हाव' ऐकून मलाच भरून आलं...

नांदेडला परतताना एसटीत तेच डोक्यात होतं. दादानं परत यावं असं मला अजूनही वाटतं, रोज वाटतं. पण कुठली रायफल घ्यावी हे तिथल्या कुठल्याही दुकानदारानं त्याला सांगितलं असतं. त्यानं अण्णांना विचारलं... त्यासाठी तरी थँक यू, दादा.